मोहोरावर मारता तसं

माणसाला ताप आला की जी गोळी घेतात, तिची अर्धी दुधात कालवून मांजरीला पाजली होती, आणि पाजणारी बाई वर सांगत होती, “अर्धीच दिली हो मॅडम, लहान जीव म्हणून.”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. डॉक्टर निशिगंधा शिवलकरने अजून चहासुद्धा घेतला नव्हता, आणि डोकं फिरलं ते फिरलंच. मांजरीच्या हिरड्या मातकट झाल्या होत्या, तोंड सुजलं होतं, धाप लागली होती. तिने आधी सलाइन लावलं, विषावरचा उतारा दिला, कंपाउंडर दर्शनला मांजरीपाशी बसवलं आणि मग बाईंकडे वळली.

“ती गोळी मांजराला विष आहे. गेल्या श्रावणात तुमच्या बहिणीला मी हे इथेच, याच टेबलापाशी सांगितलं होतं. तुम्ही शेजारी उभ्या होतात.”

“होते ना. पण तो बोका होता.”

निशिगंधाने हात धुतले, दोनदा धुतले, आणि मांजर वाचेल, वेळेत आणलीत, एवढंच सांगून बाईंना बाहेर बसायला लावलं.

रत्नागिरीत दवाखाना उघडून तिला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत सांगून सांगून तोंडाला फेस यायचा बाकी होता. कुत्र्याला लस टोचून घ्या म्हणावं तर, ‘तो कुणाला चावत नाही हो.’ मग तो चावला की धावत येणार, लस द्या म्हणून, आणि तीही कुत्र्याला. ज्याला चावला तो बापडा घरी हळद लावून बसलेला. सुरमईचे काटे घालू नका म्हटलं की, ‘आमच्याकडे आजोबांपासून कुत्री काटेच खात आली.’ आजोबांची कुत्री किती वर्षं जगली ते विचारा, कुणाला आठवत नाही. मुंबईचा लेक मे महिन्यात झुपकेदार केसांचं कुत्रं आणून आईच्या गळ्यात मारून जातो, आई त्याला पेजेवर ठेवते, आणि ऑक्टोबरात तेच कुत्रं अर्धं उघडं होऊन टेबलावर येतं. त्याला खरूज झाली आहे, हे फोनवर लेकाला पटवता पटवता तिचा अर्धा तास जातो, कारण लेकाने इंटरनेटवर काहीतरी वेगळंच वाचलेलं असतं. तिने भिंतीवर तक्ता लावला, लोक त्याच्याखाली बसून मोबाइल बघत. तिने पत्रकं छापली, त्यातलं एक तिला मच्छीबाजारात सुक्या बांगड्याभोवती गुंडाळलेलं परत मिळालं.

“लोक ऐकत नाहीत असं नाही,” तिचा नवरा विनीत म्हणाला होता. तो शाळेत गणित शिकवायचा. “तू वर्गात उभी राहिल्यासारखी बोलतेस. त्यांच्या कामातलं काहीतरी धरून सांग, मग बघ.”

जानेवारीत जवळच्या पावस गावात एका मंडळाने तिला बोलावलं, पाळीव जनावरांच्या आरोग्यावर चार शब्द सांगायला. पन्नास-साठ माणसं होती, सगळी आंब्याच्या कलमांच्या बागांची. कुणाचीही मान वर नव्हती. पहिली वीस मिनिटं तिने लस, जंत, नखं, दात असं यादीतलं सगळं वाचलं आणि समोर जांभया मोजल्या. मग मागून कुणीतरी गोचिडांचं विचारलं. औषध लावतो, तरी पुन्हा होतात, काय करायचं? निशिगंधाने कागद खाली ठेवला. विनीतचं बोलणं तिला आठवलं आणि ती सुटली.

“तुम्ही मोहोरावर फवारा कसा मारता? वरवर शिंतोडे उडवून घरी जाता का? पानाच्या खालून मारता, खोडाच्या बेचक्यात मारता, एक डहाळी कोरडी सोडत नाही. तुडतुडा कुठे लपतो ते तुम्हाला पाठ आहे. गोचीड पण तसाच लपतो. कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली. तेव्हा मोहोरावर मारता तसं मारा, एक केस कोरडा ठेवू नका.”

सगळा हॉल सरळ होऊन बसला. माणसं हसली, एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. आणि औषध कुठलं, असं एकाने विचारलं, तेव्हा ती अशी रंगात आली होती की म्हणाली, “अहो, औषधं काय, सगळी एकाच घराण्यातली. तुडतुड्याचं आणि गोचिडाचं म्हणजे सख्खे चुलतभाऊ.” परत हशा झाला. त्यापुढे एक वाक्य बोलायचं होतं, की भाऊ असले तरी एक घरातला आणि एक मारेकरी, कुत्र्यासाठीचं औषध वेगळं असतं आणि ते माझ्याकडूनच न्या. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण तेवढ्यात चहा आला, दुसऱ्या कुणीतरी मांजरीच्या केसगळतीचं विचारलं, आणि ते राहून गेलं.

त्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. आठवड्याभरात तो पूर्णगडपासून नाटे गावापर्यंत सगळ्या मोबाइलवर फिरला. पेट्रोलपंपावरचा माणूस तिला म्हणाला, “तुमीच ना त्या मोहोरवाल्या मॅडम?” निशिगंधाने विनीतला सांगितलं नाही, पण तो व्हिडिओ तिने स्वतःही सात-आठ वेळा पाहिला होता. शेवटी एकदाचं लोकांनी आपलं ऐकलं, याचं तिला फार बरं वाटलं होतं.

मांजरीवाली बाई बाहेर बसून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच दारात टेम्पो थांबला. गंगाराम आणि मालन. पावसच्या पुढे आत त्यांची दीडशे कलमं होती आणि ती राखायला एक तांबडा गावठी कुत्रा होता, खंड्या. वानरं बागेत उतरली की खंड्या एकटा त्यांना पार कातळापर्यंत पिटाळून यायचा. पोरगा संदेश मुंबईला, गंगाराम दिवसभर बागेत, त्यामुळे घरात मालनशी बोलायला होता तो हाच. ती त्याला रागवायची, त्याला बाजारातल्या गोष्टी सांगायची, आणि दुपारी तो उंबऱ्यात आडवा पडला की त्याला ओलांडून न जाता मागच्या दाराने जायची. निशिगंधाच्या अकरा वर्षांत तारखेला लस घ्यायला येणारं असं हे एकच घर होतं.

गंगारामने खंड्याला पोत्यावरून उचलून टेबलावर ठेवलं. तोंडातून लाळेची धार लागली होती. चारी पाय थरथरत होते, अंगाखालचे स्नायू कातडीतून वळवळताना दिसत होते. तिने पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मग ती त्याच्या अंगाशी वाकली, आणि तो वास आला. मोहोराच्या दिवसांत पावस रस्त्याला गाडीची काच खाली केली की हाच वास नाकात बसतो.

“दर्शन, मांजर सोड. ॲट्रोपिन काढ. आहे तेवढं सगळं काढ.” मग ती गंगारामकडे वळली. “कशाने आंघोळ घातलीत याला?”

“आंघोळ नाय मॅडम. औषध मारलं. काल सांजचं. गोचीड लय झालेले.”

“कुठलं औषध?”

“बागेतलं. टाकीत उरलेलं.”

तिने सुई शिरेत घातली आणि विषावरचा तो उतारा सगळा सोडला. मग तिचा आवाज बाहेरच्या मांजरवाल्या बाईंनाही ऐकू गेला.

“आंब्यावरचं औषध? मुक्या जनावराच्या अंगावर? अहो, ते मारताना तुम्ही तोंडाला फडकं बांधता, आणि याला त्याने भिजवून काढलंत? रात्रभर हा अंग चाटत बसला असेल. कुठल्या शहाण्याने सांगितलं तुम्हाला हे?”

गंगाराम पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. मालन पुढे झाली.

“जाऊंदे मॅडम. आधी त्याचं बघा.”

“बघतेच आहे. पण मला नाव पाहिजे. दुकानदाराने सांगितलं का? त्याला मी सोडणार नाही. असली माणसं चार शब्द ऐकतात आणि डॉक्टर होऊन बसतात.”

“जाऊंदे ना,” मालन पुन्हा म्हणाली, आणि तिने नवऱ्याच्या दंडाला हात लावला. पण गंगाराम साधा माणूस, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं एवढंच त्याला ठाऊक. त्याने खिशातून मोबाइल काढला, अंगठ्याने दोनदा सरकवला आणि टेबलावर, खंड्याच्या पोटाशी, उभा धरला. “मोहोरावर मारता तसं मारा,” निशिगंधाचाच आवाज म्हणाला, “एक केस कोरडा ठेवू नका.” मागे माणसं हसली. मग चुलतभाऊ आले. परत हसली.

ती टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. अकरा वर्षांत या टेबलाशी तिने कितीजणांना मूर्ख म्हटलं असेल त्याला गणती नव्हती, आणि आज तो शब्द तोंडाशी येऊन परत फिरला.

“बंद करा तो,” ती म्हणाली. “वहिनी, मागे मोरीत या. भांडी घासायचा साबण आहे. याला धुवायचं आहे, हातात पिशव्या घालून.”

मालनने धुतलं. तिने ते कसं धुतलं म्हणता, तर कानाच्या आतून, बोटांच्या बेचक्यातून, शेपटीखालून, एक केस न सोडता. निशिगंधाला ते बघवेना. खंड्याला तिसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा त्याने डोळे उघडून मालनकडे पाहिलं, आणि ती त्याला म्हणाली, “पडून ऱ्हा गप. कोण वानरं नाय आली.”

साडेअकरापर्यंत ॲट्रोपिन संपत आलं. दर्शनने फोनवर फोन लावले. एका मेडिकलवाल्याकडे चार कुप्या मिळाल्या, माणसांच्या एका दवाखान्यातून ओळखीवर दहा मिळाल्या. दुसरं एक औषध हवं होतं, ते जिल्ह्यात कुणाकडे नव्हतं. कोल्हापूरहून यायला संध्याकाळ होणार होती. तरी बाराच्या सुमारास लाळ थांबली. बाहुली मोठी झाली. खंड्याने मान उचलली आणि शेपटीचं टोक एकदा टेबलावर आपटलं. गंगारामने बाहेर जाऊन संदेशला फोन केला की, हुशारी आलीय.

तेवढ्या वेळात निशिगंधाने दुसरं काम उरकायला घेतलं. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या शंभर गटांत पडला होता. शंभर घरांत कुत्री होती, आणि बागांमधल्या टाक्यांत उरलेलं औषध होतं. तिने भिंतीशी उभं राहून दर्शनच्या हातात मोबाइल दिला. “आंब्यावरचं कुठलंही औषध कुत्र्या-मांजरांच्या अंगावर मारू नये. आधी मी बोलले ते चुकीचं होतं. मारलं असेल तर जनावर ताबडतोब साबणाने धुवा आणि दवाखान्यात आणा.” बस. चुलतभाऊ नाही, डहाळी नाही. तिने तो नवा व्हिडिओ माहिती असलेल्या प्रत्येक गटात टाकला आणि उत्तरांची वाट बघत बसली.

उत्तरं आली. जोडलेले हात आले, अंगठे आले. कुणीतरी सुप्रभात म्हटलं. एकाने लिहिलं, ‘मॅडम, पहिला व्हिडिओ जास्त भारी होता.’ आणि त्याच्याखाली लगेच कुणा भल्या माणसाने पहिला व्हिडिओ परत टाकला, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी.

तिने त्या माणसाला फोन लावला. त्याने उचलला. “अवो मॅडम तुमी? काय सुंदर बोललात वो.” काढून टाका तो, ती म्हणाली, कुत्री मरतील. “हो हो,” तो म्हणाला, “काढतो ना. पण आता तो पुढे गेलाय, लोकांना आवडतोय.” ती ओरडली. त्याने आदराने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की, तुमचं पुढचं भाषण कुठे आहे. तिने फोन ठेवला आणि एकेक गटाच्या प्रमुखाला शोधून फोन करायला लागली. सात जणांनी उचलले, पाच जणांनी काढतो म्हणून सांगितलं, आणि दोघांनी प्रत्यक्षात काढला. कुणाचाही त्यात वाईट हेतू नव्हता, हेच तिला सगळ्यात असह्य होत होतं. भांडायला समोर कुणीतरी नालायक लागतो, आणि इथे सगळे तिचे चाहते होते.

अडीच वाजता खंड्याची मान पुन्हा खाली गेली. या वेळी लाळ नव्हती, थरथर नव्हती. अंगच सैल पडत चाललं होतं. या विषाचं असं असतं, सुरुवातीचा झटका ओसरला की श्वासाचे स्नायू दमतात. तिला ते माहीत होतं, आणि तरी बारा वाजता गंगारामने फोन केला तेव्हा तिने त्याला थांबवलं नव्हतं, कारण तिलाही ते खरं वाटायला हवं होतं. तिने घशातून श्वासनलिकेत नळी घातली. दर्शन आणि ती आळीपाळीने फुगा दाबून त्याला श्वास देत राहिली. बोटांना गोळे आले. मालन एका बाजूला त्याचा पुढचा पाय धरून उभी होती, बसा म्हटलं तर बसत नव्हती. एकदाच तिने विचारलं, “त्याला दुखतंय का?” निशिगंधा म्हणाली, नाही. ते खरं असावं, अशी तिची इच्छा होती.

चारला दहा मिनिटं कमी असताना खंड्या गेला.

दर्शनने फुगा खाली ठेवला. गंगारामने डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, परत घातली. मालनने खंड्याचा पाय टेबलावर सरळ ठेवला आणि पदराने त्याच्या तोंडाची ओल टिपली.

“वहिनी,” निशिगंधा म्हणाली, “चूक माझी आहे. मी भर सभेत चुकीचं सांगितलं. तुमची काहीच चूक नाही.”

“असं कसं मॅडम,” गंगाराम म्हणाला. “तुमी येवढ्या शिकलेल्या. आमच्याच हातून मापात काय तरी जास्त पडलं असेल.”

“मापाचा प्रश्न नाही. औषधच चुकीचं. कितीही कमी मारलं असतं तरी चुकीचंच. आणि ते मी सांगितलं. माझ्यामुळे गेला हा.”

“मनाला लावून घेऊ नका,” मालन म्हणाली. “सकाळपासून तुमी पाणी पण नाय प्यायलात.”

“मी काय म्हणते ते ऐका ना.” तिचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. “मी चुकले. तुमचा कुत्रा मी मारला. तुम्ही नाही. एवढं तरी ऐका माझं.”

दोघांनी माना हलवल्या. समजूत काढताना हलवतात तशा. अकरा वर्षं ती लोकांना त्यांच्या चुका सांगत आली होती आणि ते ऐकत नाहीत म्हणून कातावत आली होती. आज पहिल्यांदा तिने स्वतःची चूक सांगितली, तर तीही कुणी घेईना. तिला त्या दोघांना खांद्याला धरून गदगदा हलवावंसं वाटलं. शिव्या द्या, भांडा, दवाखान्याच्या दारात बसून चारचौघांत माझं नाव घ्या, असं म्हणावंसं वाटलं. पण मालन हातातल्या पिशवीतून खंड्याचं लशीचं कार्ड काढून बघत होती. सगळ्या रकान्यांत तारखा होत्या, एकही चुकलेली नव्हती.

“ह्यातलं सगळं केलं मी,” ती म्हणाली. “काटे बंद केले. जंताचं दिलं. नखं कापली. गोचिडाचं तेवढं कळायला कुठे तरी चुकलं माझं.”

गंगारामने खंड्याला पोत्यात गुंडाळलं आणि दर्शनच्या मदतीने टेम्पोत नेऊन ठेवलं. निशिगंधा दारापर्यंत गेली. मालन पुढे बसली, मग काहीतरी राहिल्यासारखी पुन्हा खाली उतरली आणि पायऱ्या चढून तिच्यापाशी आली.

“शेजारच्या सदूच्या कुत्रीला पिल्लं झालीत,” ती म्हणाली. “पाडव्यानंतर त्यातलं एक आणीन म्हणते. घर खायला उठतं. तेव्हा सगळं परत एकदा पयल्यापासून सांगा मॅडम. ह्या खेपेला मी नीट ऐकीन.”